पाझर तलावाचा गाळ काढायचाय, पण थंडीतले पाहुणे पक्षीही टिकले पाहिजेत. खोदाई कशी आखावी?

ओढ्याकाठी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. उत्तर सोलापूर तालुक्यातला जुना पाझर तलाव आहे. पूर्ण भरला की पाणी साधारण १२ हेक्टरवर पसरतं. भरावाजवळ खोली साडेचार मीटर, आणि ओढा येऊन मिळतो त्या फुगवट्याच्या अंगाला जेमतेम गुडघाभर. परतीच्या पावसात भरतो, एप्रिलअखेर भरावाजवळचं डबकं सोडलं तर कोरडा. नोव्हेंबरपासून चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, चिखल्या, तुतवार असतात. जानेवारीत पट्टकादंब येतात, आणि अधूनमधून कांड्या करकोचे रात्री मुक्कामाला उतरतात.

यंदा गाळ काढायचं गावाने ठरवलंय. पोकलेनवाल्याचं म्हणणं असं की सगळ्या तलावातून सारखा फूटभर गाळ घ्यावा आणि काठ उभे तासावेत, म्हणजे साठा वाढेल. काहीजणांना फुगवट्याकडे झाडं लावायची आहेत. दुसऱ्या बाजूला, "पक्षी आले की ज्वारी गेली" म्हणणारेही आहेतच. ग्रामसभेपुढे नेमका आराखडा ठेवायचाय. किती गाळ, कुठून, काठाला किती उतार, कागदपत्रं कोणती? आकडे असतील तर द्या, नुसतं "निसर्ग जपा" नको.

---

सांडव्याचा_दगड

पोकलेनवाल्याचं गणित साध्या आकड्यांनी खोडता येतं. १२ हेक्टरवर ३३ सेंटिमीटर खोदलं तर सुमारे ३९,६०० घनमीटर गाळ निघतो. फक्त ४ हेक्टरवर एक मीटर खोदलं तर ४०,००० घनमीटर. म्हणजे गाळ तेवढाच मिळतो आणि दोन तृतीयांश तलावाला हात लागत नाही. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) हे १४,१०० च्या आसपास बसतं. रोज ४०० ब्रास उचलले तर ३५ दिवसांचं काम. २० एप्रिलला सुरू केलं तर मृगाच्या आधी आटोपतं.

हे ४ हेक्टर भरावाकडच्या खोल भागातलेच का? ओढ्याचं पाणी तलावात शिरलं की वेग मंदावतो आणि जाड कण आधी बसतात. म्हणून फुगवट्याच्या तोंडाशी वाळू, गोटे, मुरमाड माल सापडतो. चिकणमातीचे बारीक कण तरंगत पुढे जातात आणि भरावाजवळच्या संथ पाण्यात बसतात. शेतात टाकायला खरा उपयोगी गाळ तोच. फुगवट्याकडचा माल नेणारा शेतकरी पैसे देऊन वाळूमिश्रित माती नेतो, आणि शासनाच्या गाळमुक्त धरण योजनेत वाळूउपशाला परवानगी नाही, ते लचांड वेगळंच. पक्ष्यांना हवा असलेला भाग आणि शेतकऱ्याला नको असलेला भाग एकच आहे. ग्रामसभेत सगळ्यात आधी हेच सांगा, अर्धा वाद तिथेच मिटेल.

खात्री करायची असेल तर आत्ताच सहा ठिकाणी टिकावाने फूटभर खड्डे घ्या, तीन भरावाकडे, तीन फुगवट्याकडे. माती ओली करून मुठीत वळा. जिची लांब सुरळी होते तो गाळ. वळताना तुटते, बोटांना करकरते ती सोडून द्या.

आता खोदाईच्या हद्दी. भरावाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडायचं ते उपअभियंत्याकडून जागेवर फक्की मारून घ्या, अंदाजाने ठरवू नका. भरावाखाली पाणी अडवणारा मातीचा चर असतो. त्याच्या आतल्या अंगाला गाळाचं आवरण खरवडून मुरूम उघडा केला तर पाणी भरावाखालून वाट काढतं. मग पावसाळ्यात पायथ्याशी ओल दिसायला लागते आणि सगळ्यांची झोप उडते.

खोदलेला भाग आणि न खोदलेला भाग यांच्या मधली कड उभी ठेवू नका. १:१० उतार द्या, म्हणजे एक मीटर खोल जायला दहा मीटर लांबी. उभी कड पहिल्या दोन पावसांत ढासळते आणि काढलेला गाळ पुन्हा खड्ड्यात जातो. शिवाय पाणी प्यायला उतरलेलं जनावर तिथे फसतं. उतार तपासायला गवंड्याची पारदर्शक पाणनळी पुरते.

काढलेला गाळ काठावर रचून ठेवायचा नाही. "नंतर नेऊ" म्हणून केलेले ढीग जूनमध्ये तलावात परत जातात. जेवढी वाहनं त्या दिवशी असतील तेवढंच खोदायचं.

एक अवांतर, पण लोक यात चुकतात. आधीच भारी काळी जमीन असेल तर तिच्यावर गाळ टाकून काही फायदा नाही, उलट पाणी धरून बसते. हलक्या मुरमाड रानावर तीन इंचाचा थर द्या. एकरी साधारण १०९ ब्रास लागतात, त्या हिशेबाने तुमचा गाळ १३० एकरांना पुरेल. वरच्या अंगाने वस्तीचं सांडपाणी तलावात येत असेल तर आधी मातीची क्षारता तपासून घ्या.

---

चिखल_मोजणारा

वरच्या उत्तराला पक्ष्यांच्या बाजूची जोड देतो. आपण तलावात पाणी किती ते बघतो, पक्षी पाणी कुठे किती खोल आहे ते बघतात. चिखल्या आणि तुतवार ओल्या चिखलापासून ५ सेंटिमीटर पाण्यापर्यंत चरतात. शेकाट्याचे पाय लांब, तो १० ते २० सेंटिमीटरमध्ये निवांत फिरतो. थापट्या आणि तलवार बदक १० ते ३० सेंटिमीटरमध्ये. ही बदकं बुडी मारत नाहीत, डोकं खाली आणि शेपूट वर करून मान पोचेल तेवढंच खातात. चमचा आणि चित्रबलाकही गुडघाभर पाण्याच्या आतलेच. म्हणजे थंडीतल्या बहुतेक पाहुण्यांचं जेवण तुमच्या त्या "जेमतेम गुडघाभर" भागात आहे. चार मीटर खोल पाणी त्यांना बसायला चालतं, पोट भरायला नाही.

दुसरी गोष्ट उताराची. १:२० उताराच्या काठावर पाणी १ सेंटिमीटर उतरलं की २० सेंटिमीटर रुंदीची ताज्या चिखलाची पट्टी उघडी पडते. पोकलेनने १:२ उताराने तासलेल्या काठावर तेवढ्याच पाण्याला फक्त २ सेंटिमीटर. चिखलातल्या तांबड्या अळ्या, गांडुळं आणि किडे पट्टी ओली असेपर्यंतच वर असतात, म्हणून पक्षी रोज उतरत्या पाण्याच्या कडेने सरकत जातात. सोलापुरात हिवाळ्यात बाष्पीभवनाने रोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी उडतं, पाझर धरून सेंटिमीटरभर पातळी उतरते असं माना. सपाट काठावर त्यांना रोज नवं ताट वाढलं जातं. उभ्या काठावर पहिल्याच दिवशी ताट रिकामं.

उजनीतही हेच घडतं. तिथला जलाशय, यशवंतसागर, जानेवारीतही काठोकाठ असला की रोहित (फ्लेमिंगो) उशिरा दिसतात. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, उथळ काठ उघडा पडला नाही म्हणून.

आता गडबड कुठे होते? मोटारींनी. काठावरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि पातळी रोज पाच-सहा सेंटिमीटरने घसरली, तर चिखलाची एक मीटरहून रुंद पट्टी एका दिवसात उघडी पडते, वाळते, तिला भेगा पडतात. अळ्या खोल जातात किंवा मरतात. पाणी दिसतं, पक्षी नसतात, आणि लोक म्हणतात "यंदा आलेच नाहीत". आले होते, आठवडाभर थांबून निघून गेले.

उपाय असा की तलावात एक सिमेंटचा खांब रोवून त्यावर दर १० सेंटिमीटरला रंगाचे पट्टे मारा. एक लाल पट्टा ठरवा, पाणी तिथवर आलं की १५ मार्चपर्यंत काठावरच्या मोटारी बंद. ग्रामसभेत कारण पक्ष्यांचं देऊ नका, जनावरांच्या पाण्याचं द्या. ते खरंही आहे आणि पटतंही लवकर.

पट्टकादंब आणि करकोचे यांची तऱ्हा वेगळी. ते खायला रानात जातात, तलाव त्यांना मुक्कामासाठी हवा. कांड्या करकोचे रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कारण कोल्हं-कुत्रं आलं तर पाण्याचा आवाज होतो. पट्टकादंबांना भोवती मोकळं दिसणारा काठ लागतो. म्हणून फुगवट्याकडे झाडं लावायची टूम कृपया हाणून पाडा. झाडांची रांग म्हणजे शिकाऱ्याला आडोसा. लावायचीच तर सांडव्याच्या खालच्या बाजूला लावा.

---

नान्नजचा_माळ

झाडांबद्दल अगदी सहमत, आणि तलावाला लागून गवताळ पड माळ असेल तर तिथेही हाच नियम लावा. माळढोक अभयारण्याच्या पट्ट्यात हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर, माळावरचे शिकारी पक्षी) येतात. माँटेग्यूचा आणि पांढुरका, दोन्ही गवतात जमिनीवर रात्र काढतात आणि दिवसा टोळ, उंदीर टिपतात. त्या माळावर चर खणून झाडं लावली किंवा फेब्रुवारीत गवत पेटवलं की मुक्काम मोडला. गवत कापायचं तर मार्चनंतर, आणि सगळं एकदम नको, पट्ट्या सोडून. गाळाच्या गाड्यांचा रस्ताही या माळावरून काढू नका.

---

टिटवीची_अंडी

सगळे थंडीतल्या पाहुण्यांबद्दल बोलताहेत. एप्रिल-मेमध्ये पाहुणे गेलेले असतात हे खरं, पण त्याच वेळी तलावाच्या उघड्या तळावर इथले पक्षी अंडी घालून बसलेले असतात. टिटवी, शेकाट्या, छोटा कंठेरी चिखल्या, पाणभिंगरी, कुठे कुठे नदी सुरय. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा, चार खडे, मातीच्या रंगाची अंडी. पोकलेनच्या चालकाला ती दिसणं शक्यच नाही. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत अंडी नि घरटी मोडणंही येतं.

करायचं असं. त्या दिवशी जेवढ्या तुकड्यात खोदायचं तेवढाच तुकडा सकाळी सात-साडेसातच्या आत तपासायचा. चार माणसं दहा-दहा पावलांच्या अंतराने सरळ रांगेत चालतील. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली किंवा चिखल्या पंख मोडल्याचं सोंग करून दूर न्यायला लागला की थांबा, घरटं जवळ आहे. जागा कळली की दोन मिनिटांत बाहेर. सोलापूरच्या उन्हात आईबाप अंड्यांवरून दहा-पंधरा मिनिटं उठून राहिले तर अंडी उकडतात. बाकी काही न करता नुसत्या कौतुकाने घेरा घालून उभं राहिल्यानेही घरटं मरतं.

खूण घरट्याशेजारी करू नका. झेंडी लावली की कावळा आणि कुत्रा दोघांनाही पत्ता मिळतो. पाच मीटर अंतरावर तीन दगडांची रास रचा, दिशा वहीत लिहा, आणि भोवती ३० मीटरचं वर्तुळ सोडून दुसऱ्या तुकड्यात काम सुरू ठेवा. अंडी उबायला जातीप्रमाणे साधारण तीन ते चार आठवडे लागतात. टिटवी, चिखल्या, शेकाट्याची पिल्लं एक-दोन दिवसांत स्वतःच्या पायांनी चालायला लागतात, मग ती जागा मोकळी. म्हणून ४ हेक्टरचे आठ तुकडे करून ठेवा, एक अडला तर दुसरा चालू. अंडी उचलून "सुरक्षित" जागी ठेवायचा प्रकार करू नका, आईबाप तिथे येत नाहीत.

---

पोकलेन_मालक

चर्चा चांगली आहे. एक विचारतो. खोदताना मधे एखादं बेट सोडलं तर? सगळीकडे हल्ली तसं करतात, फोटोला छान दिसतं.

---

सांडव्याचा_दगड

फोटोला छान, पण तुमच्या या तलावात उपयोग कमी. बेटाचा अर्थ सभोवती पाणी असेपर्यंतच. तुमचा तलाव एप्रिलअखेर कोरडा पडतो, म्हणजे घरटी करायच्या ऐन वेळी कुत्री चालत बेटावर जातील. त्यापेक्षा बेट नसलेलं बरं, कारण पक्षी उंचवटा बघून तिथे घरटी करतात आणि फसतात. मेअखेरपर्यंत भोवती पाणी टिकणार असेल तरच करा. तेव्हा पूर्ण संचय पातळीच्या वर अर्धा मीटर, माथ्यावर मुरूम, कडा उतरत्या, एकही झाड नाही. तुम्ही त्याऐवजी खोल भागाचा तळ मुद्दाम ओबडधोबड ठेवा, दोन-चार उंचवटे आणि खळगे. मशीनवाल्याला "तळ गुळगुळीत कर" असं कोणी सांगू नका, एवढंच.

---

ठराव_क्रमांक_एक

कागदपत्रांचं सांगतो. पाणथळ जागा नियम २०१७ आपल्या मदतीला येतील अशा भरवशावर राहू नका. सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळले आहेत. पाझर तलावाला त्यामुळे तसं संरक्षण मिळत नाही. आपला आधार तीन ठिकाणी आहे. ग्रामसभेचा ठराव, जैवविविधता कायदा २००२ खालची गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही, आणि मासेमारीचं ठेकापत्र.

आधी तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंतचा असेल तर बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून करत असाल तर मागणी अर्जासोबतच खोदाईचा नकाशा जोडा. नंतर दिलेला नकाशा कोणी उघडत नाही. गट क्रमांक माळढोक अभयारण्यात किंवा त्याच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे वनविभागाकडून लेखी घ्या. येत असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय मशीन उतरवू नका.

ठरावाचा मजकूर साधारण असा ठेवा: "तलावातील गाळ भरावाकडील फक्की मारलेल्या ४ हेक्टर क्षेत्रातूनच, सरासरी एक मीटर खोलीपर्यंत काढण्यात यावा. फुगवट्याकडील क्षेत्रात खोदाई, वाहनांची वाट, वृक्षलागवड व गाळाचा साठा करण्यात येऊ नये. खोदाईच्या कडेस १:१० उतार ठेवावा. काम ५ जूनपूर्वी बंद करावे." आकडे लिहिलेले हवेत. "पर्यावरणाची काळजी घेऊन" असं लिहिलं की त्यात काहीही बसतं.

ठेकापत्रात दोन अटी. तुटकी तंगूस (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी पाण्यात किंवा काठावर न टाकता मोजून परत आणायची, आणि नोव्हेंबर ते मार्च फुगवट्याकडे जाळं लावायचं नाही. तंगूस उन्हाने लवकर विरत नाही, वर्षानुवर्षं गवतात पडून राहतं आणि शेकाट्याचे पाय, बदकांच्या माना त्यात अडकतात. अडकलेला पक्षी ओढून सोडवू नका. डोक्यावर फडकं टाका, धागा कात्रीने कापा, जखम असेल तर वनविभागाच्या १९२६ वर फोन.

---

ओढ्याकाठी

खूप आभार सगळ्यांचे. वाळू-गाळाचा मुद्दा डोक्यातच नव्हता. दोन गोष्टी राहिल्या. फुगवट्याकडे बेशरमीचं रान माजलंय, तिथे हात लावायचा की नाही? आणि ज्वारीवाल्यांना काय सांगू?

---

चिखल_मोजणारा

बेशरम काढाच. उथळ पाणी तीच खाऊन टाकते. पण कोयत्याने छाटून पाण्यात सोडली तर प्रत्येक कांडीला मुळं फुटतात आणि पुढच्या वर्षी दुप्पट. मे महिन्यात तळ कोरडा असताना मुळासकट उपटा, मशीनचा दात लावून नव्हे, माणसं लावून, नाहीतर तोच उथळ तळ उकरला जाईल. उपटलेली पूर्ण संचय पातळीच्या वर नेऊन वाळवायची. पहिल्या पावसानंतर फुटवे येतात, ऑगस्टमध्ये एक फेरी हाताने. वेडी बाभूळ असेल तर तीही याच तऱ्हेने. पाणकणीस मात्र थोडं राहू द्या, एका कोपऱ्यात, पाव हेक्टरच्या आत.

ज्वारीचं असं आहे की हुरड्यावर तुटून पडते ती भोरडी, म्हणजे पळस मैना. ती तलावावर अवलंबून नाही, तलाव बुजवला तरी येणार. दाणा दुधात असतो ते दोन-तीन आठवडे राखण लागते, गोफण आणि चमकणाऱ्या फिती पुरतात. बाकी वेळ तीच भोरडी टोळ आणि अळ्या खाते. चिखल्या, शेकाट्या, थापट्या ज्वारीला चोच लावत नाहीत. करकोचे काढणीनंतर पडलेले दाणे वेचतात. पट्टकादंब कोवळ्या हरभऱ्यात-गव्हात उतरू शकतात, तेवढी एक तक्रार खरी आहे. काठालगतच्या रानांत पहाटे माणूस फिरला तरी ते उठतात. विषारी दाणे कोणी टाकू नयेत हे मात्र ठासून सांगा, त्याने आधी स्वतःच्याच कोंबड्या मरतात.

---

टिटवीची_अंडी

एक राहिलं. एकाच वेळी पाच-सहा पक्षी मेलेले किंवा मान टाकून बसलेले दिसले तर हात लावू नका, कुत्र्यांना तिथे जाऊ देऊ नका, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. बर्ड फ्लू असू शकतो, किंवा बोट्युलिझम. २०१९ मध्ये राजस्थानात सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते बोट्युलिझमने. तो आजार मेलेल्या पक्ष्यांवरच्या अळ्यांमधून पुढच्यांना होतो, म्हणून मृत पक्षी लवकर उचलणं हाच त्यावर मुख्य उपाय. पण उचलणार दवाखान्याची माणसं, हातमोजे घालून. आपण नाही.

आणि गाळ काढायच्या आधीची मोजणी करून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी फरक पडला की नाही ते कशावरून सांगणार? आत्ता फेब्रुवारी आहे, अजून पक्षी आहेत. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. जागा दोनच, त्याच, दर पंधरवड्याला, नऊच्या आत. मोठा थवा असेल तर दहांचा गट डोळ्यांनी बसवायचा आणि तो गट थव्यावर सरकवत न्यायचा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यातही हा तलाव नोंदवता येतो.

---

ओढ्याकाठी

येत्या रविवारी मोजणी आणि मुठीत माती वळायचे सहा खड्डे, दोन्ही उरकतो. फक्की कधी मारायची, आत्ता की पाणी उतरल्यावर?

---

सांडव्याचा_दगड

पाणी उतरल्यावर, पण मशीन यायच्या आधी. आत्ता पाण्याच्या कडेने दर २० मीटरला खुंट्या ठोकून तारीख आणि त्या दिवशीची खांबावरची पातळी लिहून ठेवा. पुढे दर आठवड्याला तसंच. एप्रिलपर्यंत त्या खुंट्यांवरून तलावाचा उतार आपोआप मोजून मिळेल, नळी धरत बसायची गरज नाही. खुंट्या बाभळीच्या घ्या, निलगिरीच्या नको, लोक जळणाला नेतात. खरं तर बाभळीच्याही नेतात, तेव्हा दहा जास्त ठोका.